तक्त्यातल्या बरोबरच्या खुणा

८ फेब्रुवारी, रविवार. सकाळी पावणेसात.
हजर : मी, माझा नवरा, आबा, आई.
गैरहजर : भाऊ. तो इचलकरंजीला लूमवर होता, पाळी सुटायची होती.

काहीही लिहायचं झालं की आधी तारीख आणि हजेरी लिहायची, ही सवय मला नोकरीनं लावली. एका हायस्कूलमध्ये मी मुख्य लिपिक आहे. बावीस वर्षं शिक्षकांचं हजेरीपत्रक माझ्या टेबलावर आहे. एखाद्या सरांनी सोमवारची सही बुधवारी केली तर मला ती ओळखू येते. शाई तीच असते, अक्षराचा कल तोच असतो आणि तिन्ही सह्या एकाच दमात केलेल्या दिसतात. स्टाफरूममध्ये माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

त्या रविवारी आबा, म्हणजे माझे वडील, आमच्या कसबा बावड्याच्या घरी होते. बुधवारी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, बी.पी. आटोक्यात असेल तरच टेबलावर घेईन. म्हणून गुरुवारी संध्याकाळीच मी दोघांना गावाकडून घेऊन आले. शुक्रवारी सकाळी त्यांच्या दोन गोळ्या मी माझ्या हातानं दिल्या. शनिवारीही दिल्या. रविवारच्या दोन गोळ्या माझ्या तळहातावर होत्या, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या होता, तेवढ्यात बाथरूमच्या दारात धाडकन आवाज झाला.

आबा उंबऱ्यावर पडले होते. भुवईच्या वर खोक पडली होती आणि उजवा हात अंगाखाली सापडला होता. माझा नवरा धावला. आबा त्या अवस्थेतही म्हणाले, "पावणं, तुम्ही नगा वाकू, तुमची कंबर." त्यांनी जावयाला कधी नावानं हाक मारलेली नाही.

दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी पट्टा बांधून बी.पी. बघितलं, परत एकदा बघितलं आणि विचारलं, "खूपच कमी आहे. कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

या प्रश्नाची माझी तयारी होती. निघताना मी प्लॅस्टिकची फाईल उचलली होती. त्यात ऑक्टोबरपासूनचे तक्ते क्रमानं लावलेले होते. तारीख, सकाळची बी.पी.ची गोळी, सकाळची लघवीची गोळी, आणि शेवटच्या रकान्यात बरोबरची खूण. चुकली तर शून्य करायचं. चार महिन्यांत एकही शून्य नव्हतं.

"एकही खाडा नाही," मी म्हणाले. खरं सांगायचं तर थोड्या तोऱ्यातच म्हणाले.

"मग असं अचानक का व्हावं?" डॉक्टर तक्ता उलटसुलट करत म्हणाले. "इतके दिवस याच डोसवर फिरत होते ना?"

माझ्या मागून आईचा आवाज आला. तोंडावर पदर धरलेला होता.

"डॉक्टरसाहेब, ते खरं न्हाई."

मी वळून बघितलं. आई माझ्याकडे बघत नव्हती.

"काहील चढती त्या दिशी ते गोळी घेत न्हाईत. आन आमच्याकडं काहील रोजच चढती. त्या खुणा म्या केल्यात."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी तक्ता मिटून माझ्या हातात दिला, एखाद्यानं चुकून भलताच कागद आणला की देतात तसा.

आबा गुळव्या आहेत. गुऱ्हाळावर उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळत असतो आणि गूळ कधी झाला हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. काहिलीच्या काठाशी उभं राहून तो बुडबुडे बघतो, वाफेचा वास घेतो, पाकाचा थेंब गार पाण्यात सोडून बोटांत वळून बघतो आणि म्हणतो, "उतरा." क्षणभर आधी उतरवली तर गूळ बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर काळा पडतो. आमच्या गावच्या गुऱ्हाळावर चाळीस वर्षं हा शब्द आबांनीच उच्चारलाय. एका दिवसात पाच-सहा आदणं होतात, म्हणजे तितक्या वेळा काहील भरते आणि उतरते. तेवढा वेळ आबा चुलवाणाच्या, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीच्या, धगीत उभे असतात.

गणपती झाल्यावर त्यांच्या पायांना सूज आली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं, बी.पी. निघालं, दोन गोळ्या सुरू झाल्या. मी त्याच रात्री शाळेच्या हजेरीपत्रकासारखाच तक्ता घरी आखला. दुसऱ्या दिवशी तो गावाकडे नेऊन कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि आईच्या हातात पेन दिलं. आई चौथी शिकलेली. तिला खूण कशी करायची ते मी दोनदा दाखवलं. आबा खाटेवर बसून बघत होते.

"मास्तर लोकं हिला भित्यात," ते आईला म्हणाले. "आता गोळ्या बी भितील."

आम्ही तिघंही हसलो होतो.

महिना संपला की मी तक्ता काढून आणायची, नवा लावायची. घरी फाईलला लावताना एकदा मी नवऱ्याला दाखवलंही. मी म्हणाले, "आईकडून शिका. आमच्या बी.ए.बी.एड.वाल्यांना एवढं जमत नाही." आता ते तक्ते परत काढून बघितले. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन आठवड्यांच्या खुणा एकाच शाईच्या, एकाच कलाच्या आहेत. डिसेंबरच्या तर सरळ रांगेत आहेत, बहुतेक मी यायच्या आदल्या दिवशी एका बैठकीत केलेल्या. शाळेतल्या कुणी असं केलं असतं तर मी दोन मिनिटांत पकडलं असतं. आईचं अक्षर मी तपासलंच नाही. आईवर कोण अशी नजर ठेवतं?

आणि त्या खुणांचा परिणाम असा झाला. डिसेंबरमध्ये डॉक्टरांनी बी.पी. मोजलं तर ते अजून वरच होतं. त्यांनी तक्ता बघितला. गोळ्या नियमित आहेत आणि बी.पी. उतरत नाही, म्हणजे गोळी कमी पडतेय, असा त्यांनी सरळ अर्थ काढला आणि डोस दुप्पट केला. मी तो बदल लाल पेनानं तक्त्यावर लिहिला. आबांनी तोही घेतला नाही. मग फेब्रुवारीत माझ्या घरी, माझ्या हातून, दोन दिवस सलग, तो दुप्पट डोस त्यांच्या पोटात गेला. कधीही नीट न घेतलेल्या औषधाचा दुप्पट डोस मी त्यांना पाण्याबरोबर दिला आणि घोट गिळलेला बघून ताट उचललं.

आई स्वयंपाकघरात होती. तिला हे दिसत होतं.

उजव्या मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर झालं, भुवईला चार टाके पडले, डोळ्याचं ऑपरेशन पुढं गेलं. दुपारी घरी आल्यावर आबा झोपले आणि मी आईला विचारलं. हळू विचारायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही.

"शुक्रवारी सकाळी तू स्वयंपाकघरातून बघत होतीस. एक शब्द बोलावासा वाटला नाही?"

"तेच म्हणालं, गप ऱ्हा. हितं कुठं चुलवाण हाय? डोळ्यासाठनं बी.पी. उतराय पायजे, घेतो म्हणालं."

"आणि तू गप्प राहिलीस."

"ऱ्हायले."

"इतके महिने खोट्या खुणा केल्यास, आई."

ती चवळीच्या शेंगा मोडत होती. हात थांबवला नाही.

"तू रोज फोन करतीस. 'गोळी घेतली का?' म्हणून इचारतीस. गोळी घेतल्याव त्यास्नी काय हुतंय, हे एकदा तरी इचारलंस?"

"दिवाळीत आबांनी सांगितलं होतं की चक्कर येते. मी डॉक्टरांना विचारून सांगितलं, पहिले काही दिवस होतं, सवय होईल."

"आन पुढं काय म्हणालीस?"

मला आठवलं. आठवलं म्हणून आणखी राग आला. मी म्हणाले होते, चक्कर येत असेल तर गुऱ्हाळ बंद. मालकाला मीच फोन करते, दुसरा गुळव्या बघायला सांगते.

"त्या दिशीच हेनी मला म्हणालं," आईनं शेंग मोडली, "पोरगीला आता काय सांगायचं न्हाई. ती माझं नाव कमी करंल."

नाव कमी करणं हा शाळेचा शब्द. तो त्यांनी माझ्याकडूनच घेतलेला.

संध्याकाळी भावाचा फोन आला. मागं लूमचा खडखडाट होता, म्हणून तो ओरडून बोलत होता.

"आक्का, हात फार मोडलाय व्हय?"

"तुला माहीत होतं का? गोळ्यांचं?"



"संक्रांतीला गेलतो तवा आईनं सांगितलं. आमच्या हिला ठाव हाय, चुलवाणावरच्या गड्याला बी ठाव हाय. मला वाटलं तुला बी सांगितलं असंल की."

"मला सांगितलं असतं तर मी दुप्पट डोस दिला असता का?"

"आता तू रागावतीस म्हणून..." तो म्हणाला. मी फोन ठेवला.

फाईलच्या मागच्या पानावर मी त्याच दिवशी दुसरी हजेरी लिहिली. ती अजून तशीच आहे.

माहीत असलेले : आबा, आई, भाऊ, भावजय, गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं घालणारा माणूस.
माहीत नसलेले : मी, डॉक्टर.

ज्यांनी गोळी लिहून द्यायची आणि जिनं ती वेळेवर जाते की नाही हे बघायचं, ते दोघंच बाहेर. बाकी सगळ्यांनी मिळून काय धोका पत्करायचा आणि काय नाही हे ठरवून टाकलेलं. मला फक्त रकाने दिले होते.

मंगळवारी शाळा सुटल्यावर मी गावाकडे गेले. आबांचा टॉवेल, चष्म्याचं घर आणि चहाचा थर्मास गुऱ्हाळावरच राहिला होता. मी लहानपणी तिथं ताजा गूळ खायला जायची. मोठी झाल्यावर कधी काठापर्यंत गेले नव्हते. चुलवाणावरचा माणूस, आबांच्या बरोबरीचाच, मला बघून उठला.

"या आक्का. हात कसा हाय म्हाताऱ्याचा?"

"प्लास्टर आहे सहा आठवडे."

"म्हंजी हंगाम गेलाच की." त्यानं चिपाडांची पेंढी आत ढकलली. "हिकडं या, हुबं ऱ्हावा जरा. आबा हुबं ऱ्हात्यात तिथं."

मी उभी राहिले. दहा मिनिटंही झाली नसतील, पाठीवरून घाम पायांपर्यंत आला. वाफेनं चष्मा पुसट झाला. काहिलीचा काठ माझ्या मांडीच्या उंचीचा होता. आत रस वर येऊन फुटत होता, एकसारखा.

"दिवाळीनंतर," तो माणूस म्हणाला, "हितंच. आबा वाकून पाक बघाय लागलं आन पुढंच गेलं. म्या पाठीमागनं कंबरंला मिठी मारली. दोघं बी मागं पडलो. माझं ढोपार सोलटलं. आबा उठून काय म्हणालं ठाव हाय का? म्हणालं, आदण करपतंय, आधी उतरा."

तो हसला. मी हसले नाही.

"घरी कुणाला सांगू नगस म्हणालं. पर वयनीस्नी म्या सांगितलं. न सांगून कसं भागंल? काहिलीत गेला असता तर तुमी मला इचारलं असतं."

आईला हे सगळं नोव्हेंबरपासून ठाऊक होतं. मला त्या दिवशी कळलं, तेही थर्मास आणायला गेले म्हणून.

तिथं उभी राहून मी आबांचा हिशेब आबांच्या जागेवरून करून बघितला. बी.पी. कधीतरी मारेल, कदाचित पाच वर्षांनी, कदाचित मारणारही नाही. चक्कर आज मारेल, इथंच, या काठावर. गोळी नाही घेतली तर पायाला सूज येते, चालायला जड जातं. घेतली तर सारखं लघवीला जावं लागतं, आणि आदण चढलं असताना गुळव्याला जागा सोडता येत नाही. त्यांनी जे ठरवलं ते मला पटलं नाही. पण ते काही न कळून ठरवलेलं नव्हतं. आणि हा हिशेब त्यांनी आईपुढं मांडला, चुलवाणावरच्या माणसापुढं मांडला. माझ्यापुढं त्यांनी कोरा चेहरा ठेवला आणि पाण्याचा घोट घेतला.

शुक्रवारी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. आबांना नेलं नाही, फाईल नेली. सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मी तुमच्या तक्त्यावर डोस वाढवला," ते म्हणाले.

"हो."

"गोळी झेपत नाही एवढं कळलं असतं तर मी गोळी बदलली असती. वेळ बदलली असती. पर्याय असतात हो. लपवण्यासारखं काय होतं त्यात?" मग त्यांनी आबांचा केसपेपर काढला. "पण धगीत उभं राहण्याचं काम आहे हे मला कुठं माहिती आहे? इथं तर 'शेती' लिहिलंय. इतका घाम जाणाऱ्या माणसाला मी लघवीची गोळी आधी विचार करून दिली असती."

मी केसपेपर बघितला. व्यवसाय : शेती. अक्षर माझं होतं.

गणपतीनंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा फॉर्म मीच भरला होता. आबांना बाकावर बसवून, उभ्या उभ्या, त्यांना न विचारता. आमची अर्धा एकर जमीन आहे. शाळेत पोरांचे दाखले भरतानाही पालकाच्या व्यवसायात आम्ही सगळ्यांना शेतीच लिहितो. गुळव्या असा व्यवसाय मी आयुष्यात कुठल्या रकान्यात लिहिलेला नाही, स्वतःच्या दाखल्यावरही नाही.

डॉक्टरांनी लघवीची गोळी बंद केली. दुसरी कमी डोसनं, झोपताना घ्यायला सांगितली. पण पुढचं ठरवण्याआधी त्यांना आठ दिवसांचे आकडे पाहिजेत. रोज दोनदा, बसून एकदा आणि उठून उभं राहिल्यावर एकदा. उभं राहिल्यावर आकडा किती पडतो यावर ऑपरेशनची तारीख ठरेल आणि पुढच्या हंगामात आबा काहिलीजवळ उभे राहू शकतात की नाही, तेही. "खरे आकडे," ते म्हणाले. हे त्यांनी मुद्दाम म्हटलं नसेल. मला लागलं.

आबा माझ्याकडे राहायला तयार नव्हते. शनिवारी सकाळी दोघांना गावाकडे सोडलं. बी.पी.चं मशीन दिलं, पट्टा कसा बांधायचा ते दाखवलं. आबांचा उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून लिहायचं काम आईचंच. नवा कागद मी आखला नाही. आईनं जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं, उलटं केलं आणि त्यावर स्वतःच चार रेघा मारल्या.

आबा गाडीपर्यंत आले. डावा हात काचेवर ठेवून म्हणाले, "तुझ्या हातानं दिलीस, म्हणून न्हाई म्हणवंना." मला वाटलं पुढं काही बोलतील. ते म्हणाले, "दार नीट लाव, खडखड वाजतंय."

आई ओट्यावर उभी होती. तिनं हात केला. मी गिअर टाकला.

आज रविवार, २२ तारीख. आठ दिवस झाले. रोजचा फोन मी आबांच्या मोबाईलवर करते, आबाच उचलतात. हात दुखतो का, जेवलात का, झोप लागली का, चक्कर आली का, एवढं विचारते. शेवटचा प्रश्न आता रोज विचारते. "न्हाई" म्हणतात. आकडे काय आले म्हटलं तर "ते तुझ्या आईकडं हाईत" म्हणतात आणि थांबतात. मागं आईच्या बांगड्या वाजतात. मी म्हणते, "बरं, ठेवते."

उद्या दहा वाजता डॉक्टरांना आकडे द्यायचे आहेत. आजच्या यादीत पाच कामं होती. चार झाली.

५. आईला फोन करणे. आकडे तिच्याकडून ऐकून लिहून घेणे.